कोण कोणाचा कोण? – गोतावळ्याच्या मेळ्याविषयी थोडेसे

“तू कोणाचा रे?”

गावच्या घराच्या पडवीत नवे पोर दिसले की आमच्या थोरल्या आत्याचा पहिला प्रश्न हाच. पोर बिचारे आपले नाव सांगते, शाळा सांगते, इयत्ता सांगते. आत्याचे समाधान होत नाही. “नाव राहू दे. कोणाचा, ते सांग.” मग कोणीतरी पुढे होऊन खुलासा करते, “अगं आत्या, वरळीच्या काकूच्या मधल्या मुलीचा धाकटा.” लगेच आत्याचा चेहरा उजळतो. ती त्याचे गाल दोन्ही हातांत धरते आणि म्हणते, “मग माझाच नातू की रे तू! कपाळ बघा, अगदी आमच्या बाबांचं.”

दरवर्षी मे महिन्यात चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावी घरच्या माणसांचा मेळा भरतो. तेव्हा शाळांना सुट्टी असते, आंबे-फणस तयार असतात आणि वैशाख पौर्णिमाही बहुधा याच महिन्यात येते. साठ-सत्तर माणसे तीन-चार दिवस एका घरात राहतात, जेवतात, भांडतात, हसतात आणि परत आपापल्या गावाला जातात. बँकेत गेली वीस वर्षे मी लेखनिक म्हणून हिशेब जुळवतो आहे. त्या सवयीने या मेळ्याकडेही पाहू लागलो, तेव्हा लक्षात आले की वरवर नुसता गोंधळ दिसणाऱ्या या प्रकारातही एक पद्धत आहे. ती समजावून सांगावी एवढाच या लेखाचा हेतू. यात आमच्या घरचे कौतुक नाही. थोड्याफार फरकाने आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी हेच चालते. वाचकांनी आमच्या आत्याच्या जागी आपापली आत्या बसवून पाहावी.

नावांची गंमत

आमच्या घरात माणसाला खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. ‘बेबी आत्या’ साठी ओलांडून पुढे गेली आहे. ‘बाळा काका’ नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले. ‘वरळीच्या काकू’ला वरळी सोडून बदलापूरला जाऊन पंचवीस वर्षे झाली, तरी ती वरळीचीच. एकदा लग्नाच्या पत्रिकेत बाळा काकांचे पाळण्यातले नाव छापले, तेव्हा अर्ध्या घराने विचारले, “हे गृहस्थ कोण?” याचे कारण सोपे आहे. आडनाव सर्वांचे एक, त्यात तीच तीच नावे दर पिढीत पुन्हा येतात. मग जागा किंवा लहानपणचे लाडाचे नाव हीच माणसाची खूण ठरते.

वयाचा घोळ तर याहून मोठा. थोरल्या काकांची मुलगी, आमची माई, ही बाळा काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. नात्याने ती त्यांची पुतणी. त्यामुळे ती त्यांना ‘काका’ म्हणते आणि वयाने मोठी म्हणून ते तिला ‘माई’ म्हणतात. दोघेही एकमेकांना वडीलधारे समजतात! पूर्वीच्या मोठ्या कुटुंबांत हे सर्रास होई. बाईला अठराव्या वर्षी पहिले मूल आणि चाळिशीच्या आसपास शेवटचे. तोवर थोरल्या मुलाचे लग्न होऊन त्याच्या घरी पाळणा हललेला असे. सासू आणि सून एकाच वेळी बाळंतीण, हे दृश्य आपल्या आज्यांना नवीन नव्हते.

आता नात्यांचे शब्द पाहा. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ असे चार प्रकारचे भाऊ आपल्या भाषेत आहेत. इंग्रजीत या चौघांना मिळून ‘कझिन’ हा एकच शब्द. मराठीने एवढा बारकावा का राखला? कारण या चौघांशी व्यवहार वेगवेगळा होता. चुलतभाऊ म्हणजे जमिनीतला वाटेकरी, भावकीतला माणूस. आतेभाऊ-मामेभाऊ म्हणजे उद्या सोयरा होऊ शकणारा. मावसभाऊ मात्र ना वाटेकरी, ना पारंपरिक सोयरा. त्याच्याशी नुसती माया. मावसभावाशी भांडण झाल्याचे आपण क्वचित ऐकतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

सासरचे शब्दही असेच बोलके आहेत. आपल्याकडे अनेक घरांत सून सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्याला ‘मामा’ म्हणते. जावईसुद्धा सासऱ्याला ‘मामा’ म्हणतो. नव्या मुलांना याचा उलगडा होत नाही. उलगडा असा, की महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत होती. अशा लग्नात मुलीची सासू ही खरोखरच तिची आत्या असे आणि आत्याचे यजमान म्हणून सासरा मामा. मुलाचा सासरा तर त्याचा सख्खाच मामा. पुढे परक्या घरात लग्ने होऊ लागली, पण हाक तीच राहिली. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारतातल्या अशा नातेरचनांची तपशीलवार मांडणी केली आहे. उत्तरेकडे जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेकडे ते पसंतीचे आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला, असे त्यातून दिसते. जवळच्या रक्तात लग्न करणे आरोग्याच्या दृष्टीने टाळावे हे आता बहुतेकांना पटले आहे. रीत गेली ते बरेच झाले. शब्द मात्र तिची आठवण सांगत राहिले आहेत.

चाळिसांचे चार

एक साधे गणित मांडतो. समजा, प्रत्येक जोडप्याला पाच मुले आहेत. मग एखाद्या मुलाच्या वडिलांना चार भावंडे, त्या प्रत्येकाची पाच मुले, म्हणजे बापाकडची वीस भावंडे. आईकडची तेवढीच वीस. एकूण चाळीस. आता प्रत्येक जोडप्याला दोन मुले धरा. बापाकडे एक भावंड, त्याची दोन मुले. आईकडे तसेच. एकूण चार. आणि सलग दोन पिढ्या एकेकच मूल असेल तर उत्तर शून्य. चुलत, आते, मामे, मावस भावंडे तर नाहीतच, शिवाय काका, आत्या, मामा, मावशी ही नातीच त्या मुलाला नाहीत.

हे गणित नुसते कागदावरचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुले असा जननदर होता. २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. लहान कुटुंब हे चांगलेच आहे. त्यामुळे आपल्या मुली शिकल्या, आयांची प्रकृती सुधारली, मुलांच्या ताटात दूध आले. मोठी कुटुंबे परत यावीत असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या घरी एकच मुलगी आहे. तिला काका आहे, आत्या आहे, मामा आहे, पण मावशी नाही. ‘मावशी’ म्हणजे भांडी घासायला येणाऱ्या बाई, अशी तिची लहानपणी समजूत होती.

सांगायचे ते हे, की पूर्वी मेळा भरवावा लागत नसे, तो आपोआप भरत असे. मे महिन्यात लाल एस.टी. पकडून गावी जाण्यावाचून दुसरा पर्यायच नव्हता. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, प्रवास सोपा झाला. पण त्याच काळात घरे लहान झाली आणि सुट्टीचे मार्ग अनेक झाले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनामुळे आमचा मेळा भरला नाही. २०२२ मध्ये पुन्हा जमलो तेव्हा पाच-सहा वर्षांची सख्खी चुलत भावंडे एकमेकांकडे परक्यासारखी पाहत आपापल्या आईचा पदर धरून उभी होती. दोनच वर्षांचा खंड, पण मुलांच्या वयात तो फार मोठा असतो.

पंगतीचा हिशेब

साठ माणसांचे जेवण म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. आमच्याकडचा हिशेब असा. एक किलो तांदळात आठ माणसे, म्हणजे एका वेळेला साडेसात किलो तांदूळ. मटणाचा बेत असेल तर किलोमागे सहा माणसे, म्हणजे दहा किलो. तांदळाच्या भाकऱ्या माणशी दोन धरल्या तरी एकशेवीस. रोजच्या जेवणाला वालाचे बिरडे, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सुकटीची चटणी. खर्च कुटुंबावार वर्गणीने जमा होतो आणि त्याची वही माझ्याकडे असते.

पण या वहीत एक मोठी रक्कम अनेक वर्षे दाखवलीच गेली नव्हती. ती म्हणजे एकशेवीस भाकऱ्या भाजणाऱ्या हातांची. आम्ही पुरुष मंडळी ओट्यावर बसून राजकारणावर बोलायचो, पहिल्या पंगतीला बसायचो आणि “वा, रस्सा काय झालाय!” म्हणून उठायचो. २०१६ च्या मेळ्यात शेवटच्या पंगतीला घरच्या बायका बसल्या तेव्हा पातेल्यात रस्सा उरला नव्हता. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती पत्नीच्या ताटात डोकावून म्हणाली, “आई, तू मटण का नाही खात?” पत्नी चटणीशी भाकरी खात होती. तिच्याआधी माईच हसत म्हणाली, “बाळा, आमचं पोट वासानंच भरतं.” सगळ्या हसल्या. मला मात्र ते हसणे लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहा जणांनी ठरवले, की पहिली पंगत मुलांची आणि बायकांची, आणि वाढायचे आम्ही. भाकऱ्या आम्हाला जमल्या नाहीत. गावातल्या बचतगटाच्या बायकांना त्यांचे काम रीतसर पैसे देऊन दिले आणि ती रक्कम वहीत लिहिली. सुरुवातीला थोरल्या काकांनी नाक मुरडले. आता तेच सर्वांच्या आधी पाण्याचा तांब्या घेऊन उभे असतात. मेळ्यातली माया खरी, पण ती कोणाच्या तरी कंबरेवर उभी असते हे विसरू नये.

रुसवे आणि आहेराची वही

रुसव्याशिवाय मेळा नाही. कोणाला आमंत्रण फोनवर गेले आणि शेजारच्याला घरी जाऊन दिले, म्हणून रुसवा. पत्रिकेत नाव खाली आले, म्हणून रुसवा. फोटोच्या वेळी हाक मारली नाही, म्हणून रुसवा. मी लहानपणी या सगळ्याला कंटाळत असे. आता त्यातला अर्थ थोडा उमगतो. परका माणूस रुसत नाही, तो नुसता येत नाही. रुसणारा माणूस कोपऱ्यात बसलेला असतो आणि कोणीतरी समजूत काढायला येईल याची वाट पाहत असतो. रुसवा ही तक्रार खरी, पण आपली येथे मोजदाद होते का, हे तपासण्याची ती एक रीतही आहे.

आहेराच्या वहीचेही तसेच. कोणी किती रुपये, कोणते पातळ, कोणती भांडी दिली हे आमच्या आजीने सांगावे आणि शिकलेल्या पोराने लिहावे. त्यांच्याकडे कार्य निघाले की वही उघडायची आणि मिळाले त्यापेक्षा थोडे जास्त परत करायचे. बरोबर तेवढेच परत केलेले आजीला चालत नसे. “हिशेब चुकता करायचाय का त्यांच्याशी?” असे ती रागाने विचारी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परतफेड करणे या तीन बंधनांनी माणसे एकमेकांशी बांधली जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ही गोष्ट तिला पक्की माहीत होती. बँकेत कर्जखाते निल झाले की ग्राहक पेढे वाटतो. नात्यात खाते निल करणे म्हणजे नाते तोडणे. थोडे देणे, थोडे येणे शिल्लक राहिले पाहिजे, म्हणजे पुन्हा भेटायला कारण उरते.

अर्थात या वहीचा काच होतो हेही खरे. ऐपत नसताना कर्ज काढून आहेर करणारी माणसे मी काउंटरवर पाहिली आहेत. म्हणून आम्ही मेळ्यापुरता नियम केला आहे, की कोणी कोणाला कपडा-भांडे द्यायचे नाही. द्यायचेच तर दहावी-बारावीच्या मुलांना पुस्तके द्यावीत.

संपातले तांदूळ

मेळ्याचा उपयोग काय, असे तरुण मुले विचारतात. त्यांना मी १९८२ ची गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. माझे वडील त्यांपैकी एक. आम्ही वरळीच्या बी.डी.डी. चाळीत एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत राहत होतो. मी तेव्हा दोन वर्षांचा, त्यामुळे पुढचे सगळे आईकडून ऐकलेले. दुकानदाराने उधारी बंद केली. पगाराचा दिवस येई आणि जाई. तेव्हा गावाहून थोरल्या काकांनी एस.टी.च्या टपावर टाकून तांदळाचे पोते पाठवले. त्यानंतर दर दोन महिन्यांनी ते येत राहिले. आणि थोरली आत्या एक दिवस खेडजवळच्या आपल्या सासरहून आली, माझ्या मोठ्या भावाला आणि बहिणीला बरोबर घेऊन गेली. दीड वर्ष दोघे तिच्याकडे राहिले, तिथल्याच शाळेत शिकले. तिच्या स्वतःच्या घरी तेव्हा चार मुले होती.

याचा कुठेही कागद झाला नाही, व्याज लागले नाही, जामीनदार मागितला नाही. चार वर्षे मे महिन्यात एका पडवीत शेजारी शेजारी झोपलेली माणसे होती, एवढेच तारण. कठीण काळी मदतीला येणारी माणसे त्या काळात तयार होत नाहीत. ती आधीच, सुखाच्या दिवसांत, पंगतीत आणि रुसव्यांत तयार झालेली असतात.

एक कागद

पण मेळ्यात मायेच्या आडून अन्यायही होऊ शकतो. हेही लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल.

आमचे आजोबा २००८ मध्ये वारले. आजी त्याआधीच गेली होती. मागे घर आणि पंचवीस गुंठे जमीन. आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. २०१० च्या मेळ्यात शेवटच्या दिवशी जेवणे झाल्यावर थोरल्या काकांनी पिशवीतून स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला कागद काढला. दोन्ही आत्यांनी सही करायची आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन नोंदणी करायची, असे ठरले होते. म्हणजे भावांनी ठरवले होते. ‘बहिणी हक्क सोडतातच, रीतच आहे’, असे सगळे म्हणत होते. माझे वडीलही म्हणत होते.

थोरल्या आत्याने पेन हातात घेतले आणि मला हाक मारली. “बाबू, तू बँकेत आहेस. काय लिहिलंय ते वाच जरा मोठ्यानं.”

मी वाचले. हक्कसोडपत्र होते. वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हक्क, हिस्सा आणि हितसंबंध आम्ही राजीखुशीने कायमचा सोडत आहोत, असा मजकूर. वाचून झाल्यावर आत्या म्हणाली, “राजीखुशी कोणी विचारली मला?” पडवीत कोणी बोलेना. तिने पेन खाली ठेवले. बेबी आत्यानेही ठेवले.

कायदा काय सांगतो ते येथे स्पष्ट करतो, कारण आपल्या समाजातल्या शिकलेल्यांनाही ते नीट माहीत नसते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या हिश्श्यात पत्नी, मुलगे आणि मुली, तसेच आई हयात असल्यास आई, यांचा समान वाटा असतो. मुलगी विवाहित की अविवाहित हा प्रश्न येत नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. हा हक्क सहज मिळालेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी किती झीज सोसली आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण जयंतीच्या भाषणांतून ऐकतो. आणि मग घरी येऊन बहिणीपुढे कोरा चेहरा करून स्टॅम्पपेपर ठेवतो. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडता येतो, कायद्याची त्याला मनाई नाही. पण ती खुशी समजून उमजून दिलेली हवी. पंगतीच्या भिडेपोटी नको.

त्यानंतर दोन वर्षे थोरले काका आत्याशी बोलले नाहीत. त्या दोन मेळ्यांना ती आली, एक रात्र राहिली आणि गेली. ज्या बाईने संपात या घरची दोन मुले सांभाळली तिला माहेरी उपऱ्यासारखे बसलेले मी पाहिले. मी कागद मोठ्याने वाचला एवढेच माझे काम. त्याआधी मला त्या कागदाची कुणकुण होती आणि मी गप्प होतो, हेही कबूल करतो. शेवटी २०१२ मध्ये काकांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले. ती हट्टाला पेटली, की आत्या आल्याशिवाय मी मंडपात उभी राहणार नाही. काका खेडला गेले. काय बोलणे झाले ते दोघांनाच माहीत. त्या पावसाळ्यात तलाठ्याकडे वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर पाचही भावंडांची नावे लागली. प्रत्येकी पाच गुंठे. त्या पाच गुंठ्यांतून आत्याला पोतेभर भातही मिळत नाही. पण आता ती माहेरी येते तेव्हा पाहुणी म्हणून येत नाही.

वंशावळ कोणाची?

जात पडताळणीसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना गोतावळ्याचा एक अगदी कोरडा उपयोग ठाऊक असतो. शपथपत्रावर वंशावळ लिहावी लागते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र असे कागद शोधावे लागतात. तेव्हा दहा वर्षांत न भेटलेल्या चुलत काकांचा पत्ता विचारत मुले फिरतात. आमच्या मेळ्यात आम्ही एक फाइल ठेवली आहे. त्यात अशा कागदांच्या प्रती आहेत. गेल्या काही वर्षांत घरच्या सात-आठ मुलांचे काम त्यामुळे सोपे झाले.

परंतु ही वंशावळ वडिलांकडून चालते. तिच्यात आज्या नाहीत, आत्या नाहीत, त्यांची लेकरे नाहीत. कचेरीसाठी ती ठीक आहे. घरासाठी मात्र आम्ही दुसरी वही केली. तिच्यात मुलीही आहेत, सुनांची माहेरची नावे आणि गावे आहेत, आणि लाडाची नावेसुद्धा आहेत. या वहीतला बहुतेक मजकूर थोरल्या आत्याने सांगितलेला. पावणेदोनशे माणसे तिच्या तोंडी होती.

यंदाच्या मेळ्यात मी पडवीत शिरलो, वाकून तिच्या पाया पडलो. तिने माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “तू कोणाचा रे?”

आधी मला थट्टा वाटली. मग तिचे डोळे पाहिले. शेजारी बसलेला वरळीच्या काकूचा नातू चटकन म्हणाला, “आजी, हा बाबू मामा. तुझ्या भावाचा, गिरणीतल्या आजोबांचा धाकटा.” आत्याने माझा हात धरून ठेवला. “हां, संपातला,” ती म्हणाली. मी तो हात सोडवून घेतला नाही.

म्हणून हा लेख लिहिला. गोतावळ्याची माहिती कोणत्याही कचेरीत नसते. ती एखाद्या आत्याच्या, एखाद्या आजीच्या डोक्यात असते आणि ते डोके थकत जाते. समाजबांधवांना आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांना माझी विनंती एवढीच. या सुट्टीत एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या सर्वांत जुन्या बाईजवळ बसा आणि तिला माणसे विचारा. मुलींची नावे गाळू नका. कोणी संकटात कोणाला सांभाळले तेही लिहा, कारण आहेराच्या वहीत ते नसते. मेळ्यात कोणी बहिणीपुढे कागद ठेवला तर तो तिला मोठ्याने वाचून दाखवा. आणि पंगत बसली की आधी वाढायला उठा.

आमच्या वहीची अजून बरीच पाने कोरी आहेत. पुढच्या मे महिन्यात लिहायला माझी मुलगी बसणार आहे.